सॅम्पल कानाने पकडायला कसं शिकायचं? शंभर गाणी सोडा, ‘टॉप बिलिन’ घ्या

सॅम्पल, म्हणजे एका रेकॉर्डमधून उचलून दुसऱ्या गाण्यात वापरलेला तुकडा, तो ओळखायला शिकायचं म्हटलं की लोक आधी शंभर गाण्यांची यादी उघडून बसतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात, मीही तेच केलंय. त्यापेक्षा एकच गाणं घ्या आणि त्याच्या पंधरा दिवस मागे लागा. माझं मत विचाराल तर ऑडिओ टू या रॅप जोडीचं ‘टॉप बिलिन’, कारण हे गाणं स्वतःच दुसऱ्याचं सॅम्पल उचलून बनलंय आणि नंतर लोकांनी त्याच्यावरच हात मारलाय, म्हणजे चोरावर मोर सगळे एकाच ठिकाणी सापडतात.

थोडक्यात ओळख: 1987, ब्रुकलिन, मिल्क डी आणि गिझ्मो हे दोघं सख्खे भाऊ, लेबल वडिलांचंच, फर्स्ट प्रायॉरिटी. प्रॉडक्शनला स्टेटसासॉनिक या हिप-हॉप ग्रुपचा डॅडी-ओ. आणि गंमत म्हणजे हे गाणं रेकॉर्डच्या बी साइडला होतं, ए साइडला ‘मेक इट फंकी’ होतं जे आज फारसं कोणी लावतही नाही.

आता हेडफोन लावा आणि पहिल्यांदा ऐकताना रॅपकडे लक्षच देऊ नका. खाली काय वाजतंय ते शोधा. बेस नाही, कीबोर्ड नाही, गिटार नाही, नुसते ड्रम आणि त्यावर मिल्कचा तो चिरका आवाज. ड्रम पण सरळ चालत नाहीत, किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ‘धुम्’) अडखळत येते, पायरी चुकून पाय पडावा तशी. हे तोंडाने वाजवून बघा, धुम् टक् वगैरे, मोठ्याने, लाजू नका. जिथे तुमची जीभ अडखळेल तिथेच या बीटची सगळी मजा आहे, आणि एकदा ते तोंडात बसलं की पुढे कुठल्याही गाण्यात ऐकलं तरी कान टवकारतातच.

मग मागे जा. हे ड्रम आलेत हनी ड्रिपर्स या बँडच्या ‘इम्पीच द प्रेसिडेंट’मधून, 1973 चं फंक गाणं, निक्सनच्या काळातलं. सुरुवातीचा ड्रम ब्रेक, म्हणजे नुसते ड्रम वाजतात तो तुकडा, ऐका. मी पहिल्यांदा दोन्ही गाणी शेजारी लावली, ताल जुळतोय का बघितलं, काही जुळेना, म्हटलं कोणीतरी थाप मारलीय आणि मोकळा झालो. घोडं पेंड खातं ते इथेच. कारण ‘टॉप बिलिन’मध्ये तो ब्रेक आख्खा फिरवलेला नाहीये, किक वेगळी, स्नेअर (तो कडक ‘टक्’ वाजणारा ड्रम) वेगळा असे तुकडे पाडून नव्या क्रमाने लावलेत, यालाच चॉप म्हणतात. त्यामुळे ताल जुळतोय का हे बघायचंच नाही, आवाज जुळतोय का ते बघायचं. एकच स्नेअर पकडा, अर्ध्या स्पीडला लावा, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवा (लूप करा) आणि ठोका पडल्यावर मागे जी शेपटी राहते ना ती ऐका, खोलीचा घुमारा, हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांचा, चिकटून आलेला ‘त्स्स’. प्रत्येक रेकॉर्डिंगची ही शेपटी वेगळी असते, तिच्यावरूनच चोर सापडतो.

आता पुढे या. तीन गाणी ऐका, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी नेल्यात. 1992 च्या मेरी जे. ब्लाइजच्या ‘रिअल लव्ह’ने ड्रम नेले, पण अल्बममधलंच व्हर्जन लावा हं, रॅपर बिगीवालं (नटोरियस बी.आय.जी.) रिमिक्स लावलंत तर तिथे बेटी राइटच्या ‘क्लीन अप वुमन’ची गिटार पुढे येते आणि तुमचा गोंधळ होतो. 2007 मध्ये रॅपर 50 सेंटने ‘आय गेट मनी’त मिल्कचा आवाजच उचलला. आणि रॅपर जे-झीच्या 2003 च्या ‘ब्लॅक अल्बम’मधल्या एका गाण्याचं नाव आहे ‘व्हॉट मोअर कॅन आय से’, ऑडिओ टूच्या 1988 च्या अल्बमचं नावही हेच, म्हणजे इथे फक्त शब्द. ड्रम, आवाज, शब्द. कुठलंही नवीन गाणं ऐकताना या तिघांपैकी काय आलंय असं स्वतःला विचारायची सवय लावा, निम्मं काम तिथेच होतं.

अजून एक गोष्ट फसवते, स्पीड. रेकॉर्डचा स्पीड वाढवला की सूरही चढतो, साधारण 6 टक्के वाढवलं तर एक सेमीटोन, म्हणजे पेटीवरची लगतची पुढची पट्टी. म्हणून ओळखीचा आवाज बारीक झाला की वाटतं हे काहीतरी वेगळंच आहे. जुनी मंडळी तर मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड मुद्दाम 45 वर लावून सॅम्पल करायची आणि मग मशीनमध्ये स्पीड खाली उतरवायची, कारण एसपी-1200 या सॅम्पलिंगच्या मशीनमध्ये सगळी मिळून जेमतेम 10 सेकंदांची जागा होती, एका तुकड्याला अडीच सेकंद. 96 बीपीएमला (मिनिटाला 96 ठोके) चार ठोक्यांचा एक बार बरोबर अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे एक बार घेतला की तुकडा भरला! ते धुरकट खरखरीत साउंड बऱ्यापैकी या कंजूसपणातूनच आलंय.

आता हात चालवा, नुसतं ऐकून काही होत नाही. 1973 चा ब्रेक कुठल्याही फुकट एडिटरमध्ये टाका, वेव्ह जिथे उभी चढते तिथेच कापा, त्याच्या आधी नको, नाहीतर ठोका उशिरा आल्यासारखा वाटतो. शेवटाला छोटासा फेड द्या, म्हणजे आवाज हळूच विरू द्या, म्हणजे ‘टिक’ येणार नाही. किक, स्नेअर, हॅट असे चार-पाच तुकडे पॅडवर (बोटांनी वाजवायच्या बटणांवर) लावा आणि हाताने वाजवा. क्वांटाइज, म्हणजे ठोके आपोआप तालाच्या नेमक्या रेषेवर (ग्रिडवर) सरकवणं, पूर्ण लावू नका प्लीज, सगळं ग्रिडवर बसवलंत तर ते अडखळणंच जातं आणि मग उरतं काय.

घरी शिकायला हे ठीक, पण रिलीज करणार असाल तर परवानग्या दोन लागतात, रेकॉर्डिंगच्या मालकाची वेगळी आणि गाणं लिहिणाऱ्याची वेगळी. अमेरिकेत 1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलच्या केसमध्ये कोर्टाने चांगलाच दणका दिला, तेव्हापासून न विचारता उचलणं महागात पडायला लागलं. शब्द किंवा चाल स्वतः पुन्हा गाऊन रेकॉर्ड केली तर पहिली परवानगी टळते, दुसरी नाही.

बीट झाली की ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कोणाला तरी ऐकवा, काही न सांगता. मी माझी मोडकीतोडकी चॉप मित्राला ऐकवली, 1973 च्या रेकॉर्डवरून कापलेली, आणि तो दहाव्या सेकंदाला म्हणाला, अरे हे मेरी जे. ब्लाइजचं ना?