तीस टाळांच्या गजरात पखवाज कसा ऐकावा

आमच्या मंडळात नवं पोर आलं की मी त्याला आधी पखवाजाला हात लावू देत नाही. ऐकायला बसवतो. तीस जोड्या टाळ, वीणा, पेटी, वर चाळीस गळे. त्यातून एक वाद्य कानानं वेगळं काढायचं.

आधी ठेका एकटा ऐका, तोंडानं म्हणा. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ डाऊलिंग यांनी दोन चाली एकमेकींत गुंफून ऐकवल्या. कुठली चाल शोधायची हे माहीत असलेल्यांना ती सापडली. घरी पाठ केलेला ठेका गर्दीत तसाच हाती लागतो.

मग धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूचा, पाठलाग करा. कणीक लावलेली ती बाजू खर्जात घुमते, टाळ वर किणकिणतात, म्हणून ती झाकली जात नाही. शाईची बाजू अवघड. टाळ आणि थाप एकाच क्षणी पडले की कान त्यांना एकच आवाज समजतो. तिथे झटू नका. दोन टाळांच्या मधल्या जागेत ‘ता’, ‘ना’ पकडा.

बसायची जागाही महत्त्वाची. पखवाज समोर आणि टाळकरी दोन्ही बाजूंना असे बसा. दिशा वेगळ्या असल्या की आवाज सुटे होतात. भिंतीला टेकू नका, घुमारा सगळं कालवतो.

आणि अभंग संपताच बोल मोठ्यानं म्हणून दाखवा. कानातला ताजा ठसा काही सेकंदच टिकतो. गप्पा नंतर.