इल्माटरचा भक्त खेळताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून, फासे टाकून खेळायच्या खेळातल्या फॉरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात देवांची कमतरता नाही. त्या सगळ्यांत इल्माटर मला सर्वात मोठ्या मनाचा वाटतो, आणि सर्वात जास्त चुकीचा खेळला जातो तोही हाच. सहनशीलता, यातना, हौतात्म्य आणि चिकाटी ही त्याची क्षेत्रं. मनगटाशी लाल दोरीने बांधलेले दोन पांढरे हात हे त्याचं चिन्ह. भक्त त्याला रडणारा देव म्हणतात, मोडलेला देव म्हणतात. एवढं वाचलं की बहुतेक खेळाडू पाठीवर वळ मिरवणारा, सतत कण्हणारा क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीवर जादू करणारा पुजारी, तयार करतात, आणि खेळ तिथेच बिनसतो.

वेदनेची पूजा करू नका

इल्माटर वेदनेचा देव नाही. वेदनेची देवी लोव्हियाटार आहे आणि ती त्याची शत्रू आहे. तिला दुसऱ्याला दुखावण्यात सुख मिळतं. इल्माटर दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतो, कारण त्यामुळे त्या माणसाचं तेवढं कमी होतं. त्याचा अख्खा धर्म या कारणावर उभा आहे. म्हणून आपल्या पात्राची प्रत्येक सोसण्याची जागा एका प्रश्नावर तपासा: यामुळे कुणाच्या वाट्याचं दुःख हलकं झालं? उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं आलं, तर तो प्रसंग काढून टाका. एकांतात स्वतःला चाबूक मारणारा भक्त दिसायला प्रभावी असेल, पण तो चुकीच्या देवळात उभा आहे.

पात्राचा पूर्वेतिहास लिहितानाही हेच होतं. ‘लहानपणी माझा छळ झाला’ इथे बहुतेकांची लेखणी थांबते. त्यापेक्षा ‘दुसऱ्याच्या जागी मी उभा राहिलो’ असा एखादा प्रसंग लिहा. किंवा तुमच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं, आणि त्या ऋणातून तुम्ही देवळाच्या दारात आलात. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, यातून जिवंत माणसं मिळतात, नाती मिळतात.

मवाळ म्हणजे इल्माटर नव्हे

दुखावलेल्या प्रत्येकाला, तो कोणीही असो, मदत करा ही त्याची शिकवण बहुतेकांना ठाऊक असते. त्याच शिकवणीत जुलमी सत्तेसमोर उभं राहा आणि अन्याय बिनबोभाट जाऊ देऊ नका हेही सांगितलंय, ते मात्र विसरलं जातं. तो सहसा चिडत नाही, पण टोकाची क्रूरता पाहिली की त्याचा राग भयंकर असतो. लहान मुलांवर तर त्याची विशेष माया. 2001 च्या नियमांत त्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे त्याच्या शक्तीच्या क्षेत्रांत, हीलिंग आणि सफरिंगच्या बरोबरीने स्ट्रेंग्थ (बळ) आहे. त्याच्या पंथात ‘ब्रोकन वन्स’ म्हणवणारे मंक (लढवय्ये संन्यासी) आहेत, क्रूर लोकांच्या मागावर असणारा ‘कम्पॅनियन्स ऑफ द नोबल हार्ट’ हा पॅलाडिनांचा, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्ध्यांचा, संघ आहे. न्यायाचा देव टीर आणि कर्तव्याचा देव टॉर्म यांच्यासोबत मिळून तो ‘ट्रायड’ होतो. अशा संगतीतला देव हात जोडून मार खात बसा असं सांगणार नाही. तुमचा क्लेरिक गुलामांच्या बाजारात शिरला, तर जखमा बांधून पुढे निघणं पुरेसं नाही. बाजार बंद कसा पाडायचा याचाही विचार त्याने केलाच पाहिजे.

वॉर्डिंग बाँड घेता, पण हिशेब करत नाही

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत या देवाच्या स्वभावाशी सर्वात जुळणारा स्पेल (मंत्र) कोणता, तर माझ्या मते वॉर्डिंग बाँड. दुसऱ्या लेव्हलचा, तासभर टिकणारा. ज्याच्यावर टाकला त्याला आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) आणि सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्याच्या फाशात) एकेक वाढ मिळते, सगळ्या प्रकारच्या डॅमेजला रेझिस्टन्स मिळतो, म्हणजे ते निम्मं होतं, आणि त्याला जितकं डॅमेज होतं तितकंच तुम्हालाही होतं. म्हणजे 20 चा घाव बसला तर 10 त्याला, 10 तुम्हाला. घाव नाहीसा होत नाही, दोघांत वाटला जातो. इल्माटरचं तत्त्वज्ञान नियमाच्या भाषेत यापेक्षा नेमकं कुठेच आलेलं नाही.

पण इथेच गडबड होते. या स्पेलला स्वतःला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल टिकवायला सतत धरलेलं लक्ष, लागत नाही, त्यामुळे खेळाडू सोबत ते लागणारा ब्लेस हा दुसरा स्पेल चालू ठेवतो. मित्राला लागलेल्या प्रत्येक घावाबरोबर तुम्हालाही डॅमेज होतंय, म्हणजे दर वेळी ब्लेससाठी कॉन्सन्ट्रेशनचा फासा टाकावा लागणार. कमी कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) क्लेरिक दोन-तीन फेऱ्यांत दोन्हीकडून जातो. तुमचे हिट पॉइंट (जीवाचे गुण) शून्यावर आले की बाँडही तुटतो, आणि दोघांत 60 फुटांहून जास्त अंतर पडलं तरी तुटतो. म्हणून सुसाट पुढे पळणाऱ्या ‘रोग’ या चोरट्या पात्रापेक्षा जवळ उभं राहून लढणाऱ्या फायटरवर तो टाका आणि कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा स्पेल त्या लढाईपुरता बाजूला ठेवा. प्रत्येकी 50 सुवर्णमुद्रांच्या प्लॅटिनमच्या दोन अंगठ्या लागतात. त्या संपत नाहीत, पण दोघांच्या बोटात असाव्या लागतात. लढाई पेटल्यावर अंगठी शोधू नका, आधीच देऊन ठेवा.

पॅलाडिन खेळायचा असेल तर त्याच्या शपथांपैकी ओथ ऑफ रिडेम्पशन पाहा. सातव्या लेव्हलपासून 10 फुटांतल्या माणसाचं डॅमेज रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी झटपट कृती) वापरून स्वतःवर घेता येतं. ते कोणत्याही मार्गाने कमी होत नाही, हे ध्यानात असू द्या.

जखमी शत्रूवरून पार्टीत (सोबत्यांच्या टोळीत) भांडण

‘कोणीही असो’ यात हरलेला डाकूही आला. तुमचा भक्त त्याची जखम बांधायला बसतो, बाकीच्यांना त्याला संपवून पुढे जायचं असतं, आणि मग अर्धं सेशन, म्हणजे खेळाची अर्धी बैठक, वादात जातं. ‘माझं पात्र असंच वागेल’ म्हणून अडून बसू नका. सेशन झीरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, हा विषय काढा: कैद्यांचं काय करायचं, सोडायचं कुणाला, स्वाधीन कुणाच्या करायचं. हातघाईत शेवटचा वार मारताना जीव न घेता बेशुद्ध पाडता येतं, हा नियम सोबत्यांना आठवून द्या. आणि कैद्याची जबाबदारी स्वतः घ्या, त्याचं जेवणपाणी, पहारा, सगळं. फुकटची दया पार्टीवर लादणं इल्माटरलाही पटणार नाही.

मरणाऱ्याला इल्माटरकडे वळायला सांगणं, ज्याला ‘टर्निंग’ म्हणतात, हा या पंथाचा मोठा विधी. तो भक्त गोळा करण्याच्या घाईने खेळला की फार ओंगळ दिसतो. आधी हात धरा, पाणी द्या, नाव विचारा.

हुतात्मा व्हायची घाई

अर्थपूर्ण मरणात लाज नाही असं हा पंथ मानतो. यातला ‘अर्थपूर्ण’ शब्द गाळून खेळाडू तिसऱ्याच सेशनला ड्रॅगनपुढे छाती काढतो. मागे पळून जाणारी गावकरी माणसं नसतील तर ते मरण वाया गेलं. चिकाटीचा देव आहे हा, उद्या पुन्हा उठून जखमा बांधणारा माणूस त्याला हवा असतो.

थकण्याची सोयही या धर्मात आहे, आणि ती कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. पुजारी इल्माटरकडे ‘प्ली ऑफ रेस्ट’ करू शकतो. मग साधारण एक टेनडे, म्हणजे त्या जगातला दहा दिवसांचा आठवडा, त्याला धर्माच्या बंधनांतून मोकळीक मिळते. रोज दुसऱ्यांचं दुःख वाहणारा माणूस दहा दिवस नुसता माणूस म्हणून जगला तर काय करेल? यावर एक अख्खं सेशन उभं राहतं.

डीएमसाठी

छळाची वर्णनं रंगवू नका. देवाचं क्षेत्र यातना आहे म्हणून टेबलावरच्या माणसांना ती भोगायला लावायची गरज नसते. दार बंद होऊ द्या, आणि दार उघडल्यानंतरची शुश्रूषा दाखवा. देऊळ आतून भ्रष्ट निघालं हा धक्काही आता शिळा झालाय. श्रीमंतांकडून पैसा आणून गरिबांच्या औषधाला लावणारं, कबरी खणणारं, नेहमी तुटीत चालणारं प्रामाणिक देऊळ दाखवा. औषध एकाला पुरेल एवढंच आणि दारात तिघे, एवढ्यावर नाट्य घडतं.

काळही आधी ठरवून घ्या. 2001 च्या पुस्तकाचा काळ 1372 डीआर (त्या जगातली कालगणना), तेव्हा ट्रायड शाबूत आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत गोष्ट 1479 मध्ये येते आणि टीर मेलेला असतो. पाचव्या आवृत्तीत तो परतलाय. खेळाडूने एका पुस्तकातून आणि डीएमने दुसऱ्यातून वाचलं असेल, तर टीरच्या देवळात शिरण्याआधी तेवढं बोलून घ्या.