एजंटला 'ब्रास' समजावताना: बांधकामाच्या सॉफ्टवेअर टूल्सची माहिती कशी लिहावी

साइटवर 'दोन ब्रास' म्हटले की कुणी खुलासा मागत नाही. वाळूची गोष्ट चालली असेल तर २०० घनफूट, प्लास्टरची चालली असेल तर २०० चौरस फूट. मुकादमाला हे कुणी शिकवलेले नसते. एआय एजंटला, म्हणजे तुमच्या वतीने सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एआयला, मात्र तुमच्या सॉफ्टवेअरमधला 'क्वांटिटी' हा रकाना आणि त्यातला २ एवढेच दिसते. उरलेले तो अंदाजाने भरतो, आणि तेही अगदी ठामपणे.

एजंट तुमचा कोड वाचत नाही. सॉफ्टवेअरमधले जे एकेक काम त्याला करता येते, ते म्हणजे टूल. त्याच्यासमोर प्रत्येक टूलच्या तीनच गोष्टी असतात: नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा साचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला सॉफ्टवेअरशी जोडण्याची ठरीव पद्धत) वापरा किंवा थेट फंक्शन कॉलिंग (एजंटने कोडमधले फंक्शन थेट मागवणे), यात फरक पडत नाही. डेव्हलपर अडला तर फोन करून विचारतो. एजंट बहुधा विचारत नाही, म्हणून त्याच्यासाठीचे लेखन वेगळे.

लिहायला बसण्याआधी स्टोअरकीपर आणि बिलिंग इंजिनिअर यांच्याजवळ अर्धा दिवस बसा. ते जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या: 'उद्याच्या स्लॅबला १२ एमएम सळई पुरेल का?', 'सेंटरिंगवाल्याचं मागचं बिल कुठे अडकलंय?' टूल्स या प्रश्नांवरून ठरवा, डेटाबेसच्या टेबलांवरून नव्हे. ईआरपीमध्ये (कंपनीच्या माल-खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) साठ एंडपॉइंट (माहिती मागण्याच्या जागा) आहेत म्हणून साठ टूल्स उघडी करू नका. 'मटेरियल_गेट', 'मटेरियल_लिस्ट' आणि 'मटेरियल_सर्च' शेजारी शेजारी दिसली तर माणूसही गोंधळेल. नाव बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांतच द्यावे लागते, वर्णन मात्र मराठीतही चालते.

आता वर्णन. 'मालाची माहिती देते' ही ओळ असून नसल्यासारखी. त्याऐवजी असे लिहा:

'स्टोअर_शिल्लक: एका साइटच्या स्टोअरमधील एका मालाची शिल्लक सांगते. जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झालेला मालच यात धरला आहे. गेटवर चलन आले पण जीआरएन बाकी आहे, असा माल यात नाही. सिमेंट ५० किलोच्या गोण्यांत, सळई किलोत, वाळू व खडी घनमीटरमध्ये. ठेकेदाराला दिलेला माल हवा असल्यास इश्यू_नोंदी वापरा. हे टूल फक्त वाचते, काहीही बदलत नाही.'

यातले जीआरएनचे वाक्य सर्वांत मोलाचे. सकाळी सिमेंटची गाडी येऊन उभी आहे आणि एजंट 'सिमेंट संपले' म्हणतोय, ही फजिती त्या एका वाक्याने टळते. हे टूल कधी वापरू नये, तेही लिहायला हवे. बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

एककांवर वेळ घालवा. रकान्याच्या नावातच एकक घाला: 'वजन_किलो', 'आकारमान_घनमीटर'. नुसते '४०' म्हणजे ४० गोण्या की ४० टन? ४० गोण्या म्हणजे जेमतेम २ टन. लोक ब्रासमध्येच बोलणार, म्हणून वाळूच्या टूलने ब्रास स्वीकारावा. पण १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर हे रूपांतर कोडमध्ये करा, एजंटवर सोडू नका. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घ्या, नाहीतर ०४/०५ हा कधी ४ मे होईल, कधी ५ एप्रिल. रक्कम रुपयांत की लाखांत, जीएसटीसह की त्याशिवाय, हेही तिथेच.

आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे चालू कामाच्या) बिलाच्या टूलमध्ये खरा खड्डा आहे. त्या बिलात आजपर्यंतचे एकूण काम दाखवून मागच्या बिलापर्यंतचे वजा करतात. वर्णनात 'ही संख्या आजपर्यंतची एकूण आहे, बिलांची बेरीज करू नका' असे नसेल, तर एजंट पाचही बिलांची बेरीज करून झाले त्याच्या कितीतरी पट काम दाखवील. 'मंजूर' या शब्दाचेही तसेच: इंजिनिअरने तपासले ते मंजूर, की पैसे निघाले ते? ड्रॉइंगच्या टूलमध्ये फक्त शेवटचे रिव्हिजन मिळते की जुनीही मिळतात, आणि त्यावर 'बांधकामासाठी ग्राह्य' असा शिक्का आहे का, ते स्पष्ट लिहा. जुन्या ड्रॉइंगवर कॉलम उभा राहिला तर तोडण्याचा खर्च कुणाच्या माथी, हा वाद कुणालाच नको असतो.

जी टूल्स काही बदलतात ती वेगळी ठेवा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 'फक्त वाचते' किंवा 'नुकसान करू शकते' अशा खुणा लावता येतात, पण त्या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नाही. परवानगी सर्व्हरवरच तपासा. एजंटने मागणीपत्राचा मसुदा करावा, खरेदी आदेशावर माणसाने सही करावी. साइटवर नेटवर्क जाते, एजंट पुन्हा प्रयत्न करतो आणि ४०० गोण्यांची दोन मागणीपत्रे तयार होतात. म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक घ्या आणि 'तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद होत नाही' असे वर्णनात सांगा.

चूक दाखवणारा संदेशही वर्णनाचाच भाग समजा. 'एरर ४००' वाचून एजंट तीच चूक पुन्हा करील. 'या साइटवर सळईचा व्यास ८, १०, १२, १६ किंवा २० मिमी असतो. तुम्ही १४ दिलात' हे वाचून तो सुधारतो.

शेवटी, सुरुवातीला उतरवलेले प्रश्न एजंटला जसेच्या तसे विचारा आणि उत्तरापेक्षा त्याने कोणते टूल उचलले ते पाहा. 'प्लास्टर किती ब्रास झालं?' विचारल्यावर तो वाळूच्या शिल्लकीकडे वळला, तर दोन्ही वर्णनांत एकेक ओळ कमी आहे. ती लिहा, पुन्हा विचारा. वर्णने कोडसोबतच ठेवा आणि महिन्याकाठी स्टोअरकीपरला वाचून दाखवा. 'अहो साहेब, आता असं नसतं, आरएमसी (तयार काँक्रीट) आली की स्टोअरला नोंदच होत नाही,' असे तो म्हणाला की तेही लगेच वर्णनात घाला.