‘टेक एफर्ट्स’ आणि ‘वर्क्ड हार्डली’: कष्टांचं इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

भाचीने रात्री साडेदहाला नोकरीच्या अर्जाचा खर्डा पाठवला. ‘मावशी, एकदा नजर फिरव ना, सकाळी पाठवायचाय.’ तिसऱ्याच ओळीला मी थबकले: ‘आय टुक लॉट ऑफ एफर्ट्स अँड वर्क्ड हार्डली ऑन धिस प्रोजेक्ट.’ पोरगी त्या प्रोजेक्टसाठी आठ महिने राबली होती, आणि इंग्रजीत मात्र लिहून देत होती की मी कामाला जेमतेम हात लावला.

‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का होऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण ‘हार्डली’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीच’. मेहनत सांगायची तर ‘हार्ड’ जसाच्या तसा क्रियापदामागे येतो: ‘आय वर्क्ड हार्ड’. नाम हवं असेल तर ‘हार्ड वर्क’, आणि माणसाचं वर्णन करायचं तर ‘हार्डवर्किंग’. इथे गडबड केलीत तर फटका वेगळाच बसतो. ‘शी इज हार्ड वर्क’ असं एखाद्या ब्रिटिश साहेबाला लिहिलंत, तर तो समजेल की या बाईशी निभावणं महाकठीण आहे.

आता त्या ओळीचा पहिला अर्धा भाग. ही चूक अस्सल आपली आहे. मराठीत आपण कष्ट घेतो, परिश्रम घेतो, मेहनत घेतो, टेन्शनसुद्धा घेतो. ते ‘घेणं’ उचलून इंग्रजीत ठेवलं की ‘टेक एफर्ट्स’ आणि ‘डोन्ट टेक टेन्शन’ तयार. शाळांच्या अहवालांत, सोसायटीच्या नोटिशींत, सत्काराच्या मानपत्रांत हे इतकं रुळलंय की चूक आहे हे सांगितलं तर लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. इंग्रजीत ‘एफर्ट’ करतात किंवा घालतात: ‘मेक ॲन एफर्ट’, ‘पुट इन अ लॉट ऑफ एफर्ट’. त्यातला ‘इन’ गाळू नका, आणि ‘लॉट’आधीचा ‘अ’ही.

माझी युक्ती सोपी आहे. मनातल्या मराठी वाक्यात ‘कष्ट घेतले’ असेल तर तिथे ‘प्रयत्न केले’ घालून बघायचं. प्रयत्न कुणी घेत नाही, करतात. तेच क्रियापद इंग्रजीत न्यायचं, ‘मेक’ आपोआप येतं. टेन्शनच्या जागी साधं ‘डोन्ट वरी’ लिहा. गंमत म्हणजे ‘टेक’ इंग्रजीला अगदीच वर्ज्य नाही. ‘पेन्स’ आणि ‘ट्रबल’ या दोघांना तो चालतो. ‘शी टुक ग्रेट पेन्स ओव्हर द ड्रॉइंग्ज’, म्हणजे तिने ती चित्रं जीव ओतून, बारकाईने केली. त्यातूनच ‘पेन्सटेकिंग’ हा शब्द झाला. पेन्स आणि टेकिंग. मेहनती आणि काटेकोर माणसालाही तो लागतो, त्याच्या कामालाही.

‘लेबोरियस’चं मात्र तसं नाही. एका शिफारसपत्रात ‘लेबोरियस अँड सिन्सिअर स्टुडंट’ वाचलं होतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द कष्टाळू माणसाला लावत, शब्दकोशात तो अर्थ अजून सापडतोही. पण आजच्या वाचकाला ‘लेबोरियस’ म्हणजे रटाळ, दमछाक करणारं, ओढून ओढून चाललेलं. काम लेबोरियस असतं, भाषण असतं, विद्यार्थी नाही. ‘स्ट्रेन्युअस’चंही तेच: गडाची चढण स्ट्रेन्युअस, चढणारा नव्हे.

आणि कृपा करून अर्जात ‘हार्ड लेबर’ लिहू नका. भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये सश्रम कारावासाची फोड ‘विथ हार्ड लेबर’ अशीच केली होती. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना १८ महिने झाली, ती हीच सक्तमजुरी. ‘आफ्टर थ्री इयर्स ऑफ हार्ड लेबर आय जॉइन्ड...’ असं वाचून समोरचा आधी तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन मागेल.

‘स्ट्रगल’ हा शब्द आपण जवळजवळ दत्तकच घेतलाय. मुंबईत स्ट्रगल करतोय म्हटलं की त्यात जिद्द दिसते, थोडा मानही असतो. इंग्रजीतही लांबलचक लढ्याला तो शोभतो. पण रोजच्या कामाच्या वाक्यात ‘आय स्ट्रगल्ड विथ द अकाउंट्स’ याचा अर्थ खूप मेहनतीने हिशेब केले असा नाही, तर हिशेब मला झेपत नव्हते असा होतो. बॉसला पाठवलेल्या वार्षिक आढाव्यात हे वाक्य फार महागात पडू शकतं.

स्ट्रेन आणि स्प्रेन यांतला घोळ डॉक्टरसमोर होतो. ओझं उचलताना पाठीत उसण भरली, स्नायू ताणला गेला, तर स्ट्रेन. जिना उतरताना घोटा मुरगळला, सांध्याचा अस्थिबंध दुखावला, तर स्प्रेन.

शेवटी ‘ट्राय’, कारण यावर मी स्वतः तोंडघशी पडले आहे. प्रिंटर बिघडला म्हणून कंपनीला मेल केली: ‘आय ट्राइड टु रीस्टार्ट द प्रिंटर’. उत्तर आलं की पॉवरची वायर नीट बसली आहे का ते बघा. मी चिडले. वायरचा काय संबंध? प्रिंटर तर छान सुरू होत होता, फक्त छापत नव्हता. पण चूक माझीच होती. ‘ट्राइड टु रीस्टार्ट’ म्हणजे सुरू करायचा प्रयत्न केला, झाला नाही. मला म्हणायचं होतं ‘ट्राइड रीस्टार्टिंग’, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला, तरी उपयोग नाही. मराठीत हा भेद आपण झोपेतही चुकत नाही. ‘दार उघडायचा प्रयत्न केला’ आणि ‘दार उघडून पाहिलं’ यांत कुणाचा गोंधळ होतो? ‘करून पाहिलं’ म्हणायचं असेल तिथे ‘इंग’ लावा, काम झालं.

भाचीची ओळ शेवटी अशी झाली: ‘आय वर्क्ड हार्ड ऑन धिस प्रोजेक्ट फॉर एट मंथ्स.’ एफर्ट्सचं अख्खं वाक्यच उडवलं, आठ महिन्यांत ते आलंच होतं. बाराच्या सुमारास तिचा मेसेज आला, ‘थँक्स मावशी, जाम टेन्शन घेतलं होतं.’ मराठीत होता, म्हणून सोडून दिला.