पारलिंगी मुलांच्या पालकांसाठी: ओळख, घर आणि पहिले प्रेम

'तुम्ही समजता तो मुलगा किंवा ती मुलगी मी नाही', असे किशोरवयातील पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मूल, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेले लिंग आपले नाही असे जाणवणारे मूल, सांगते, तेव्हा आईवडिलांच्या तोंडून निघालेली पहिली दोन-चार वाक्ये ते सहसा विसरत नाही. काय बोलावे हे सुचत नसेल, तर 'मला सांगितलेस हे बरे केलेस, समजून घ्यायला मला थोडा वेळ लागेल, पण मी तुझ्याबरोबर आहे' एवढेच म्हणावे आणि थांबावे. 'हे कोणी शिकवले?', 'मोबाइलमुळे झाले का?' असे प्रश्न विचारू नयेत. ही गोष्ट तुमच्यासाठी नवी असली, तरी हे बोलण्याआधी बहुतेक मुलांनी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, स्वतःशी झगडून घेतलेले असते.

यानंतर घरातले बोलणे बदलायचे असते आणि मराठी घरात हे काम सर्वांत अवघड असते, कारण आपले क्रियापदच माणसाचे लिंग सांगते. अशी मुले 'मी जेवलो' किंवा 'मी जेवले' म्हणण्याचे टाळून 'माझे जेवण झाले' म्हणतात, 'मी निघतो' म्हणण्याऐवजी 'मला निघायचे आहे' म्हणतात आणि ही कसरत घरच्यांच्या लक्षातही येत नाही. ती थांबवणे तुमच्या हातात आहे. कोणत्या नावाने हाक मारू, 'आलास' म्हणू की 'आलीस', आणि आजी-आजोबांसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर काय म्हणू, हे मुलालाच विचारावे. शेवटचा प्रश्न कधीही वगळू नये, कारण कोणाला, केव्हा आणि किती सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार मुलाचा असतो. मावशीला विश्वासात घेण्याच्या नादात तो आपण हिरावून घेऊ नये. बोलण्यात चूक झाली, तर शब्द सुधारून पुढे बोलावे. लांबलचक माफी मागत बसल्यास मुलालाच तुमची समजूत काढावी लागते.

डॉक्टरांकडे जायचे ते मूल 'बरे' करण्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांमध्ये मोडत नाही आणि त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशी ओळख बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. असे उपचार सुचवणारा डॉक्टर असो वा बाबा, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. मात्र झोप उडणे, अभ्यास सुटणे, पाळीच्या दिवसांत किंवा दाढी-मिशा फुटू लागल्यावर आरसा टाळणे, स्वतःला इजा करणे असे काही दिसत असेल, तर समुपदेशकाची किंवा मनोविकारतज्ज्ञांची मदत लगेच घ्यावी. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असते. शरीरात बदल घडवण्यासाठी संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) गोळ्या तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे, हे मुलाला न ओरडता, कारणांसह सांगावे.

शाळेत मुलाच्या संमतीनेच बोलावे आणि स्वच्छतागृह, गणवेश व हजेरीतील नाव या तीन गोष्टींवर मुख्याध्यापकांकडून स्पष्ट उत्तर घ्यावे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना पारलिंगी विद्यार्थ्यांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कागदपत्रांवरील नाव किंवा लिंग बदलायचे असेल, तर नियम बदलत असल्याने अर्जाची सध्याची पद्धत समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी.

स्वतःला स्वीकारणे एकट्याने फार कठीण जाते. आपल्यासारखी माणसे शिकतात, नोकरी करतात, घर चालवतात, हे मुलाला दिसले पाहिजे. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत किंवा पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांची भाषणे व मुलाखती मराठीतच उपलब्ध आहेत. त्या मुलाबरोबर बसून ऐकाव्यात. मुंबईत 1994 पासून काम करणारी हमसफर ट्रस्ट आणि पुण्यातील समपथिक ट्रस्ट या संस्थांकडून पुढचे मार्ग कळतात. पालकांनी आपले रडणे, आपली भीती अशा मुलांच्या इतर पालकांपाशी मोकळी करावी, मुलापुढे नव्हे.

प्रेमाचा विषय बहुतेक घरांत अनपेक्षितपणे निघतो. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडते या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे, मुलगी म्हणून जगू पाहणाऱ्या तुमच्या मुलीला मुलगीच आवडली, तर 'मग एवढे सगळे कशाला?' असे म्हणू नये. तिच्या बहीण-भावांना जेवढी मोकळीक आहे तेवढी तिला द्यावी आणि घरी परतण्याची वेळ, अभ्यास, फोन यांबाबतचे नियमही तेच ठेवावेत. कडक केले तर शिक्षा वाटते, सैल सोडले तर कीव. समोरच्या व्यक्तीला स्वतःविषयी केव्हा सांगायचे हे तुमच्या मुलीने ठरवावे, पण सांगण्याआधी एखादा विश्वासू मित्र जवळ असावा आणि भेट माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी व्हावी, एवढा आग्रह धरावा. 'तुला फक्त मीच समजून घेतो' असे सांगत ऑनलाइन जवळीक साधणाऱ्या प्रौढांपासून एकाकी मुलांना खरा धोका असतो. 18 वर्षांखालील मुलांचे लैंगिक शोषण हा पोक्सो कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे आणि 1098 या बालमदत क्रमांकावर तक्रार करता येते. आपल्यावर ओरडा बसणार नाही अशी खात्री असेल, तरच मूल अशी गोष्ट घरी सांगते.

नकार मिळाला, तर 'तू अशी आहेस म्हणून झाले' हे वाक्य सांत्वनाच्या सुरातही उच्चारू नये. कारण तेच असले, तरी ते तिला ठाऊक असते. आवडीचे काहीतरी रांधून शेजारी बसावे आणि ती बोलेल तेव्हा ऐकावे.