देवाने काम दिलंय पण आपण तयार नाही असं वाटतं, तेव्हा काय करायचं

पाळकांनी (चर्च सांभाळणाऱ्यांनी) विचारलं की संडे स्कूल घ्याल का, किंवा आजारी माणसांना भेटायला जायचं ओझं मनावर आलंय, किंवा एखाद्या मित्राला येशूबद्दल सांगायचंच आहे असं कितीतरी दिवस आतून वाटतंय, आणि लगेच मन म्हणतं की मला कुठे येतं हे, माझं बायबल वाचन किती, चार लोकांसमोर उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, दुसरं कुणीतरी बघा ना. हे खूप जणांना होतं. बायबलमधली मोशे, गिदोन, यिर्मया ही मंडळी इथूनच सुरू झालीत, त्यामुळे असं वाटतं म्हणजे देवाने बोलावलंच नाही असा अर्थ लगेच काढू नका. पण ह्या वाटण्याचं पुढे काय करायचं हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं "आधी तयार होतो, मग करतो" म्हणत तिथेच राहतो.

देव बहुतेक वेळा सगळं आधी हातात देऊन मग पाठवत नाही, तो पाठवतो आणि चालता चालता देत जातो. बायबलमधल्या यहोशवा पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचा, इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडतात तो. कापणीचे दिवस होते, यार्देन दुथडी भरून वाहत होती, आणि देवाच्या कराराची पेटी, म्हणजे कोश, वाहणाऱ्या याजकांचे (पुरोहितांचे) पाय पाण्याला लागले तेव्हा वरून येणारं पाणी थांबलं. पाय पाण्यात पडेपर्यंत नदी भरलेलीच होती.

तर सुरुवात कुठून करायची? देवाशी खरंखरं बोलण्यापासून. मोठ्या आध्यात्मिक शब्दांत नको, जे आहे ते. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला तिथल्या राजाकडे, फारोकडे, पाठवतो ते निर्गम ३ आणि ४ हे दोन अध्याय एकदा शांतपणे बसून वाचा आणि मोशे काय काय कारणं सांगतो ते वहीत उतरवून काढा. मी कोण जाणारा, लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू, ते माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही, आणि शेवटी सरळ, दुसऱ्या कुणाला पाठव. आता प्रत्येकाला देवाने काय उत्तर दिलं ते शेजारी लिहा. "मी कोण" ह्याला देव "तू फार हुशार आहेस" असं म्हणत नाही, तो म्हणतो मी तुझ्याबरोबर असेन. लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हटल्यावर चिन्हं देतो. बोलता येत नाही म्हटल्यावर विचारतो की माणसाला तोंड कोणी दिलं, आणि काय बोलायचं ते मी शिकवीन म्हणतो. शेवटच्या कारणावर मात्र देवाचा राग भडकला असं स्पष्ट लिहिलंय, तरी त्याच वेळी तो सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाय. म्हणजे मोशे नाही म्हणत होता तेव्हा मदत आधीच रस्त्यावर होती, हे मला फार आवडतं. आणि तेव्हा मोशे काही तरुण नव्हता, फारोशी बोलायला गेला तेव्हा तो ८० वर्षांचा आणि अहरोन ८३ वर्षांचा (निर्गम ७:७), त्यामुळे "आता माझं वय झालं" हे कारण पण जरा बाजूलाच ठेवा.

मग त्याच वहीत तुमची स्वतःची कारणं लिहा. "मला जमणार नाही" एवढंच लिहून सोडू नका, ते फार मोघम आहे आणि मग प्रार्थना पण मोघम होते. नक्की काय जमणार नाही? मुलं प्रश्न विचारतील आणि उत्तर येणार नाही ही भीती आहे का? मोठ्याने प्रार्थना करायची लाज वाटते का? वेळच नाही का? की एखादं पाप आहे जे मिटवलेलं नाही आणि म्हणून पुढे व्हायला मन धजत नाही? (हे शेवटचं असेल तर त्याला तयारीची कमी म्हणू नका, ते आधी देवाजवळ कबूल करा, ज्याचं बिघडवलंय त्याच्याकडे जा, मग बाकीचं.) कारण नेमकं झालं की मागणं पण नेमकं होतं.

पुढची गोष्ट म्हणजे हातात काय आहे ते बघा. देवाने मोशेला अगदी हेच विचारलं, तुझ्या हातात काय आहे, आणि होती एक काठी, मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाची. त्यामुळे लिस्ट करताना फक्त चर्चमधल्या वाटणाऱ्या गोष्टी लिहू नका. तुम्हाला हिशोब चांगला जमतो, वायरिंग येतं, शिवणकाम येतं, म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर न कंटाळता बसता येतं, तुम्ही मोठ्या आजारातून किंवा दुःखातून गेलाय, हे सगळं लिहायचं. निर्गम ३१ मध्ये बसालेलबद्दल लिहिलंय की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, आणि कशासाठी, तर सोनं रुपं पितळ ह्यांचं काम, रत्नं बसवणं, लाकूड कोरणं ह्यासाठी, आणि अध्याय ३५ मध्ये पुढे म्हटलंय की दुसऱ्यांना शिकवायची बुद्धी पण त्याला आणि अहलियाबला दिली. हाताने काम करणाऱ्या कारागिराला पवित्र आत्म्याने भरलं! ज्यांना वाटतं की प्रचार करणाऱ्यालाच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असतं त्यांनी हा उतारा परत परत वाचावा असं मला मनापासून वाटतं.

लिस्ट करताना मागे पण बघा. गल्याथ ह्या धिप्पाड योद्ध्याशी लढायला निघालेला दावीद शौल राजाला सांगतो की मी मेंढरं राखत असताना सिंह आणि अस्वल मारलंय, ज्या देवाने तेव्हा वाचवलं तोच आता वाचवील (१ शमुवेल १७). ते ट्रेनिंग कुणी बघितलंही नव्हतं. तुमच्या आयुष्यात देवाने कुठे कुठे सांभाळलं ते आठवून लिहिलं की विश्वास ठेवायला आधार मिळतो. आणि त्याच अध्यायात दावीद शौलाचं चिलखत घालून बघतो आणि काढून ठेवतो, म्हणतो मला ह्याची सवय नाही. दुसऱ्याची प्रचाराची स्टाइल, दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याची प्रार्थना करायची पद्धत अंगावर चढवू नका, बोजड होतं आणि आपण उगाच स्वतःला नालायक समजायला लागतो.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. देवावर भरवसा म्हणजे तयारी न करणं असं काही लोकांनी करून टाकलंय. पाठ न वाचता मुलांसमोर उभं राहायचं आणि आत्मा सुचवेल म्हणायचं. मत्तय १० मध्ये काय बोलावं ह्याची चिंता करू नका असं येशूने सांगितलं ते शिष्यांना धरून अधिकाऱ्यांपुढे नेतील त्या वेळेसाठी, शनिवारी रात्री पाठ न उघडण्यासाठी नाही. नहेम्याकडे बघा, परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा यहुदी माणूस. यरुशलेमचा कोट पडलाय हे त्याला किसलेव महिन्यात कळलं आणि राजाशी तो बोलला नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिने तो उपास आणि प्रार्थनेत होता. पण राजाने काय पाहिजे विचारल्यावर त्याने मनात देवाला हाक मारली आणि लगेच सांगितलं की इतका वेळ लागेल, वाटेतल्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, आणि राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ ह्याला लाकडासाठी पत्र हवं. म्हणजे प्रार्थना करता करता त्याचं प्लॅनिंग चालूच होतं. आणि मिळालं तेव्हा तो म्हणतो की देवाचा कृपाहस्त माझ्यावर होता. प्लॅनिंग त्याचं, श्रेय देवाचं.

तसंच शिकण्याचं. अपुल्लो नावाचा प्रचारक शास्त्रात पारंगत होता, बोलायला तयार होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला ह्यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अजून नीट समजावून सांगितला (प्रे. कृत्ये १८) आणि त्याने ऐकून घेतलं. कोर्स करणं, अनुभवी माणसाबरोबर सहा महिने नुसतं जाऊन बघणं, प्रश्न विचारणं, हा देवाचाच तयार करायचा मार्ग आहे, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांना, सोडून हे एकट्याने करू नका. इफिस ४ मध्ये लिहिलंय की ख्रिस्ताने प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक दिले ते पवित्र जनांना, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना, सेवेच्या कामासाठी तयार करायला, म्हणजे तुम्हाला जे पाहिजे त्यातलं बरंच देवाने आधीच माणसांच्या रूपाने तुमच्या आजूबाजूला ठेवलंय. दोन तीन अशी माणसं गाठा जी तुमच्या तोंडावर नाही म्हणू शकतात. त्यांना विचारा की माझ्यात हे तुम्हाला दिसतं का. अंत्युखिया शहरात बर्णबा आणि शौल (राजा शौल नव्हे, हाच पुढे पौल म्हणून ओळखला गेला) ह्यांना सुवार्तेच्या कामाला पाठवायच्या आधी मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले. तुम्हीही पाळकांना किंवा चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना सांगा की माझ्यासाठी अशी प्रार्थना करा, लाजू नका.

थांबायचं कधी हा प्रश्न पण येतोच. शिष्यांना स्वतः प्रभूनेच सांगितलं होतं की यरुशलेम सोडू नका, पित्याने वचन दिलंय त्याची वाट बघा, आणि ते एकत्र प्रार्थनेत राहिले. माझा हिशोब असा की वडील माणसं थांब म्हणतायत किंवा दार खरंच बंद आहे तर थांबावं आणि थांबताना प्रार्थना आणि शिकणं चालू ठेवावं, पण अडवणारी गोष्ट नुसती भीती असेल तर एक लहान पाऊल ह्याच आठवड्यात टाकावं. अख्खा वर्ग नको, एका रविवारची गोष्ट सांगा. एका घरी भेट द्या.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. काही कमी राहतेच. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काढला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२). लढाईला निघालेल्या गिदोनाकडे ३२,००० माणसं होती, देवाने ती ३०० वर आणली. म्हणजे देवाचं तयार करणं हे नेहमी वाढवण्यासारखं दिसेलच असं नाही, कधी कधी ते काढून घेण्यासारखं पण दिसतं आणि तेव्हा फार दुखतं, कारण आपण प्रार्थना केलेली असते, उपास केलेला असतो, आणि तब्येत तशीच, अडखळणं तसंच, घरचा विरोध तसाच. अशा वेळी "तुझा विश्वास कमी आहे" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका, पौलाला तसं सांगितलं नव्हतं. त्या कमीसकट काम चालू ठेवायचं आणि रोज त्या दिवसापुरतं मागायचं. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोजच्या रोज मिळत होता, ज्यांनी सकाळपर्यंत साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले.

मात्र थकवा आला तर अजून एक तपासा, ओझं तुमचंच आहे ना? मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसायचा, तेव्हा सासरा इथ्रो म्हणाला हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही, माणसं नेम. प्रेषितांनीही विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात माणसं निवडून घेतली. तिथे देवाने जास्त ताकद दिली नाही, जास्त माणसं दिली. म्हणून "प्रभू मला बळ दे" बरोबर "प्रभू मला सोबती दे" हेही मागा, आणि मग खरंच कुणाला तरी विचारा, मेसेज करा.

सुरुवात केल्यावर तीन एक महिन्यांनी ती वही घेऊन परत त्याच माणसांजवळ बसा. कोणतं कारण गेलं, कोणतं राहिलं, कुठे अचानक मदत आली, लोकांना खरंच उपयोग होतोय का, हे बघा. ते म्हणाले की हे काम तुझं वाटत नाही, तर वाईट वाटेल, साहजिक आहे, पण शरीरात अवयव पुष्कळ आहेत (१ करिंथ १२), मग त्यांनाच विचारा की मला कुठे लावून बघता, आणि तिथे पुन्हा हातात काय आहे इथपासून सुरू करा.