पाण्याला वास येतोय? या चुका टाळा

पाण्याला वास आला की लोक थेट फिल्टर विकत घ्यायला निघतात. वास कुठून येतोय हे न शोधता केलेला हा खर्च बऱ्याचदा वाया जातो.

स्वच्छ ग्लासात पाणी घ्या, दुसऱ्या खोलीत जा आणि मग हुंगा. तिथे वास नसेल तर पाणी ठीक आहे, घाण सिंकखालच्या पाइपात साचली आहे. फक्त गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास असेल तर गीझर तपासा. गीझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून बसवलेल्या मॅग्नेशियमच्या दांड्यामुळे काही जिवाणूंना पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू, तयार करणं सोपं जातं. गार पाण्यालाही तोच वास येत असेल, तर मूळ विहिरीत, बोअरमध्ये किंवा साठवणीच्या टाकीत शोधा.

मातकट वास बहुधा जिओस्मिनचा असतो. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या गंधातही हेच द्रव्य असतं. लिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) आसपास असलं तरी अनेकांच्या नाकाला ते कळतं, पण एवढ्या प्रमाणात ते अपायकारक नाही. इथे जलशुद्धीकरण केंद्रात होणारी चूक म्हणजे क्लोरीन वाढवणं. त्याने जिओस्मिन जात नाही. उलट निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं जिओस्मिनही पाण्यात उतरतं. वास शोषून घेणाऱ्या सक्रिय कार्बनची पूड उपयोगी पडते, मात्र ती क्लोरीनच्या आधी आणि पुरेसा वेळ राहील अशी घालायला हवी, कारण दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. घरी असं पाणी गार करून प्या. कोमट पाण्यात हा वास जास्त जाणवतो.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे डोस जास्त झाला, हा समजही घाईचा आहे. पाण्यात अमोनिया असताना क्लोरीन गरजेपेक्षा कमी पडलं तर डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन ही क्लोरीन-अमोनियाची संयुगं तयार होतात, आणि नाकाला झोंबतात ती हीच. म्हणून केंद्रात डोसला हात लावण्याआधी मुक्त (अमोनियाशी न जोडलेलं) आणि एकूण क्लोरीन, दोन्ही मोजा.

घरचा कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास छान काढतो, खारट चव मात्र काढत नाही. कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर त्यातच जिवाणू वाढतात. आणि वास गेला म्हणून पाण्याची तपासणी टाळू नका: आर्सेनिक, नायट्रेट, शिसं यांना वास नसतो.

सकाळच्या पहिल्या धारेला धातूची चव असेल तर ते पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी आहे. ते पिण्या-स्वयंपाकाला घेऊ नका.

पेट्रोल किंवा थिनरसारखा वास आला तर उकळून पिण्याचा विचारही नको. पिणं लगेच थांबवा आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांना कळवा. तक्रारीत वास कधीपासून आहे, कोणत्या नळाला, गार की गरम पाण्याला आणि शेजाऱ्यांकडेही येतो का, एवढं नक्की सांगा.